डंडॉकचा फॉल्ट डेस्क

वीज साठवून ठेवता येत नाही, असं आम्हाला इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. किस्से मात्र आपोआप साठतात, आणि त्यांना बॅटरीही लागत नाही! मी आयर्लंडमध्ये एका वीज कंपनीत काम करते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून प्रिय आहे. डब्लिनच्या उत्तरेला, सीमेला टेकून डंडॉक नावाचं गाव आहे, तिथं आमचा फॉल्ट डेस्क. आसपासच्या कुणाचीही लाईट गेली की फोन आमच्याकडे येतो. आम्ही तक्रार लिहून घेतो, क्रूला पाठवतो आणि लोकांना धीर देतो. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं.

नवरा याच गावात एका पेमेंट्सच्या कंपनीत आहे. तिथं दिवसभर काय घडतं ते त्यालाही नीट सांगता येत नाही. त्यामुळे मराठी मंडळी जेवायला जमली की सगळे माझ्याकडे वळतात. "शलाका, तुमच्या डेस्कचं काय नवीन?" आणि मग पोळ्या थंड होतात.

* * *

आमची कंपनी पूर्वी सरकारी होती. गावोगावी खांब रोवले, तारा ओढल्या, घरोघरी पहिला बल्ब लावला, ते सगळं सरकारी वीज बोर्डानं. मग सरकारनं ती विकली. नवे मालक आले, नवं नाव आलं, व्हॅनला नवा रंग आला. पुढे मालक बदलले. पुन्हा नाव, पुन्हा रंग. आमच्या लाईन क्रूचा मुकादम डेक्लन म्हणतो, "ही व्हॅन पत्र्यावर नाही, रंगाच्या थरांवर उभी आहे. धुवायची नाही, पडेल!"

लोकांनी या खासगीकरणाची अजिबात दखल घेतली नाही. ते अजून 'बोर्ड'च म्हणतात. माझी सीनियर मेव्ह लग्नाच्या आधीपासून या डेस्कवर आहे. परवा तिला एका आजोबांचा फोन.

"बोर्ड का?"

मेव्हनं अगदी गोड आवाजात कंपनीचं नवं नाव सांगितलं, आता बोर्ड राहिलं नाही हेही सांगितलं.

"असं होय," आजोबा म्हणाले. "ग्रँड. मग मला जरा बोर्डाला जोडून दे."

हे 'ग्रँड' म्हणजे भव्यबिव्य काही नाही. आपण 'बरं बरं' म्हणतो ना, तेवढंच.

हा किस्सा वर गेला. वर म्हणजे डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या हेड ऑफिसात. तिथं आमचे ऑपरेशन्सचे डायरेक्टर फर्गल बसतात. इथं डायरेक्टरलासुद्धा नुसतं नावानं हाक मारायची. मला पहिलं वर्षभर ते जमतच नव्हतं. तर फर्गलनं फर्मान काढलं, की कुणी 'बोर्ड' म्हणालं तर नम्रपणे दुरुस्त करायचं. हा ब्रँडचा प्रश्न आहे!

त्याच आठवड्यात एक बाई फोनवर. "बोर्ड का?" मी नम्रपणे दुरुस्त केलं.

"हे बघ मुली," बाई तडकल्या, "माझा मुलगाच तुमच्यात मोठा साहेब आहे. मला शिकवू नकोस. तो बोर्डातच आहे, कुणालाही विचार!"

मी मुलाचं नाव विचारलं. फर्गल!

* * *

आता माझी फजिती. स्मार्ट मीटर आल्यापासून कुठल्या घरात किती वीज जाते ते आम्हाला स्क्रीनवर दिसतं. एक घर सिस्टीममध्ये 'रिकामं' दाखवत होतं. माणसं ऑस्ट्रेलियाला गेलेली, दाराला कुलूप. तरी मीटर किंचितसा, एका लयीत, चोवीस तास चालू.

मी नागपूरची. माझ्या डोक्यात एकच दिवा लागला: चोरी! आपल्याकडे तारेवर सरळ आकडा टाकतात. इथले लोक सभ्य, मीटरमधूनच वायर ओढत असतील. मी डेक्लनला म्हटलं, "शंभर टक्के शेजारी." डेक्लन म्हणाला, "चल तर मग, पकडू."

मी मोठ्या उत्साहानं व्हॅनमधून निघाले. घराभोवती फेरी मारली, भिंती तपासल्या, कुंपणाखाली वाकून बघितलं. वायर कुठंच नाही. तेवढ्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ स्वतःच किल्ली घेऊन आले. मी डेक्लनकडे असं बघितलं, की बघ, चोर पायानं चालत आला.

त्यांनी दार उघडलं. स्वयंपाकघरात सगळं झाकून ठेवलेलं होतं. भिंतीवर येशूची तसबीर, आणि तसबिरीखाली एक छोटासा लाल दिवा. इथल्या जुन्या घरांतून तो कायम तेवत असतो, आपल्या देवघरातल्या समईसारखा, फक्त विजेवर. घरचे जाताना त्यांना एवढंच सांगून गेले होते, की दिवा विझू देऊ नका. म्हातारबुवा येऊन बल्ब बदलत होते.

डेक्लननं टोपी काढली. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "हा तुझा चोर. अटक तू करतेस की मी करू?"

मी चपला काढून हात जोडले. बाहेर चिखल होता, बूट घालायला हवे होते, पण ते आता वेगळंच.

* * *

आईबाबा नागपूरहून आले होते तेव्हा मोठं वादळ झालं. संध्याकाळची जेवणाची वेळ, आणि आमच्या कॉलनीतली लाईट गेली. माझी मुलगी इरा इथंच वाढलेली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र आयरिश हेलात येतं. तिनं तेवढ्यात टॅबलेटवर काहीतरी लावलं. बाबा मात्र ताडकन उठले. आल्यापासून गुडघे धरून बसलेला माणूस एकदम पंचवीस वर्षांचा झाला!

"मेणबत्ती कुठं हाये? पाय बरं आधी, समोरच्याची गेली का!"

"आबा, इट्स ओन्ली अ पॉवर कट, लाईक," इरा म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. लाईट गेली की आधी समोरच्यांची गेली का ते बघायचं, हा आपला राष्ट्रीय नियम. फक्त आपलीच गेली असेल तर ते संकट. सगळ्यांची गेली असेल तर तो नुसता कार्यक्रम! बाबा स्वेटरवर शाल गुंडाळून थेट दारात. आणि समोरच्या दारात समोरचे गृहस्थ, कार्डिगन घालून, मान उंच करून आमच्याच घराकडे बघतायत!

बाबांनी हात हवेत फिरवून ओरडून विचारलं, "तुमचीबी गेली का?"

ते तिकडून ओरडले, "युअर्स गॉन टू?"

बाबांनी मान डोलावली. त्यांनीही डोलावली. "आह, ग्रँड सो!" म्हणून ते समाधानानं आत गेले.

बाबा परत येऊन खुर्चीत टेकले. "माणूस चांगला हाये," म्हणाले. "पहिल्यांदाच नीट बोलणं झालं."

* * *

आता जरा गंभीर गोष्ट. एका सोमवारी फर्गलची मीटिंग लागली. खासगी कंपनी म्हटलं की 'ऑप्टिमायझेशन' हा शब्द कधीतरी येणारच, तो आला. डंडॉकचा फॉल्ट डेस्क बंद करायचा विचार होता. त्याचे कॉल दुसरीकडे हलवायचे. महिनाभर ट्रायल होणार, आणि शेवटच्या दिवशी फर्गल स्वतः येऊन निर्णय देणार.

मेव्हनं विचारलं, "दुसरीकडे म्हणजे कुठं?"

स्क्रीनवर नकाशा आला. पुणे!

खोलीतल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. जणू मीच घरी फोन करून सांगितलं होतं, की या, इथं एक डेस्क मोकळा आहे.

गंमत बाजूला ठेवून सांगते, मला फार वाईट वाटलं. माझं मी काहीतरी बघितलं असतं. पण मेव्हनं आयुष्यात हे एकच काम केलंय. त्या दिवशी तिनं आपला मग धुऊन नेहमीप्रमाणे प्रेसमध्ये ठेवला, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, आणि पुढचा कॉल घेतला.

संध्याकाळी आईला फोन केला, की माझी नोकरी पुण्याला चाललीय.

आई आनंदानं ओरडलीच. "अगं मग तूही ये की नोकरीबरोबर!"

* * *

पुण्याच्या टीमला ट्रेनिंग कोणी द्यायचं? अर्थात मी. भाषा येते ना! म्हणजे माझ्याच खुर्चीवर बसायला दुसऱ्याला शिकवायचं, तेही मराठीत. तिकडची टीमलीडर होती मुक्ता. तिची टीम आमची बिलं आधीपासून बघत होती, आता फॉल्टचं काम त्यात वाढणार होतं. मुलगी हुशार, बोलायला लाघवी. मला तिचा राग करायचा होता, पण दोन दिवसांत जमेना.

माझा एक भरवसा होता: इथले पत्ते. गावाकडचा आयरिश माणूस पिनकोड सांगत नाही. तो सांगतो, "डेअरी होती ना, तिथं डावीकडे वळ." होती! आता नाही. कधीच पाडली. मी मनातल्या मनात म्हटलं, इथं पुणं अडकणार. मेव्हलाही तसं सांगून ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

ट्रायलमध्ये पहिलाच तसा कॉल मुक्ताला आला. एक शेतकरीदादा बोलत होते. "जुनी शाळा होती तिथून पुढं ये. मग पॅट नावाच्या माणसाचं घर लागेल. तो वारला. तिथं वळू नकोस."

मेव्ह आणि मी इकडून हेडसेट लावून ऐकतोय.

मुक्ता शांतपणे म्हणाली, "म्हणजे शाळा आता नाही, पण सगळे तिथं शाळाच म्हणतात. बरोबर?"

"बरोबर."

"आणि पॅटच्या घरात आता दुसरं कोणीतरी राहतं, पण घर पॅटचंच."

"अगदी बरोबर!" दादा खूश.

कॉल संपल्यावर मी विचारलं, अगं, तुला हे कसं जमलं? मुक्ताला प्रश्नच कळला नाही. "ताई, मी सदाशिव पेठेत राहते. आमच्याकडेही पत्ता असाच सांगतात. पिढ्यान्पिढ्या बंद पडलेल्या दुकानाच्या शेजारी!"

फोन ठेवण्याचंही तेच. इथली माणसं फोन ठेवताना 'बाय बाय बाय बाय' अशी माळ लावतात, आणि मध्येच नवीन विषय काढतात. मी तिला त्यासाठी तयार करायला गेले. ती म्हणाली, "माहितीय. 'चला, ठेवते, बरं ऐक ना' यातलंच ना?"

मी मेव्हला सांगितलं, की आपलं काही खरं नाही.

* * *

आणि आता तो शेवटचा दिवस.

फर्गल सकाळीच आला. सुटाबुटात, लॅपटॉप घेऊन. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर पुण्याची खोली दिसत होती, मध्यभागी हेडसेट लावलेली मुक्ता. कॉल ती घेणार, इथं स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येणार, आणि आम्ही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीद होती. मेव्हनं ठेवणीतलं जाकीट घातलं होतं. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो, परीक्षेच्या निकालाला बसतात तशा.

त्या दिवशी कूली डोंगराच्या पायथ्याला एका गल्लीत अकरापासून वीज बंद राहणार होती. डेक्लनच्या क्रूला तिथले कुजलेले खांब बदलायचे होते.

अकराच्या सुमारास कॉल आला. नोरा नावाच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या.

"बाळ, तुम्ही वीज बंद करणार आहात का? आज माझ्याकडे स्टेशन आहे."

मुक्ताला हा शब्द ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी जिभेवर ताबा ठेवला. मेव्हनं माझा हात दाबला.

"आजी, म्हणजे काय असतं?" मुक्तानं विचारलं. स्क्रिप्टमध्ये हा प्रश्न नव्हता. स्क्रिप्टमध्ये होतं: दिलगिरी व्यक्त करा, वीज कधी येईल ते सांगा, कॉल संपवा.

आजींनी सांगितलं. भागातली घरं आळीपाळीनं प्रार्थना घरी ठेवतात. आपली पाळी यायला कित्येक वर्षं जातात. घराला रंग द्यायचा, पडदे नवे, कपाटं आतून घासायची. मग फादर येतात, जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड घालून मास, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, घरातच होतो, सगळी आळी येते, आणि नंतर सगळ्यांना जेवण. "ओव्हनमध्ये हॅम आहे. माझ्या वयाला आता पुढची पाळी काही येत नाही गं. हीच."

स्क्रीनवर मुक्ताचे डोळे मोठे झाले. शेजारच्या मुलीकडे वळून ती मराठीत म्हणाली, "अगं, यांच्याकडे पूजा आहे!"

फर्गलनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाली ती?" मी सांगितलं. 

"आजी, तुम्ही काही खाल्लंत का?" मुक्ता विचारत होती.

"मासच्या आधी कशी खाऊ?"

"हो ना. आमच्याकडेही पूजा होईपर्यंत उपास. तुम्ही फोन ठेवू नका हं, मी क्रूशी बोलते."

तिनं डेक्लनला लाईनवर घेतलं. "सर, प्लीज, आत्ता सप्लाय तोडू नका. तिथं एका घरी पूजा आहे."

पलीकडून मग डेक्लनचा दबका आवाज. "तोडतोय कोण? मी त्याच घरी, बैठकीच्या खोलीत बसलोय."

"सर?"

"अख्खा क्रू इथंच आहे. आम्ही याच आळीचे. फादर आत्ताच गाडीतून उतरलेत. नोरा कुठाय? स्वयंपाकघरातून तुम्हाला फोन करतेय? सोमवारपासून तिला सांगतोय, की नाही तोडणार. माझ्यावर विश्वासच नाही या बाईचा!"

"तुझ्यावर कसा ठेवू?" आजींचा आवाज आला. त्या अजून लाईनवरच होत्या. "तुला मी लहानपणापासून ओळखते."

फर्गलला राहवलं नाही. स्वतःच घातलेला नियम मोडून तो माईकवर वाकला. "डेक्लन, फर्गल बोलतोय. खांबांचं काय?"

डेक्लन शांतपणे म्हणाला, "खांब दुपारी. जेवणं झाली, की लगेच."

"हे कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात?"

फर्गल सरळ उभा राहिला. स्क्रीनकडे वळला. मग त्यानं विचारलं, "मुक्ता, तुझी टीम हे काम करू शकेल का? खरं सांग."

 मेव्ह टेबलाकडे बघत होती. हो म्हणायला मुक्ताला काहीच अडचण नव्हती. ती बढती होती. तिच्यामागे सगळी टीम उभी राहून ऐकत होती.

"सर, कॉल मी घेऊ शकते," मुक्ता म्हणाली. "रोज घेईन, छान घेईन. पण मासला कोण जाणार?"

 स्पीकरवर आजींच्या घरातल्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता.

"तो बॉल्सब्रिजचा तुमचा माणूस आहे का तिथं?" आजींनी विचारलं. "त्याला म्हणावं, हॅम भरपूर आहे. येतोय की नाही ते आत्ता सांग, म्हणजे ताट मांडायला बरं. आणि डेस्कवरच्या मुलींनाही आण."

फर्गलनं लॅपटॉप बंद केला. मेव्हकडे वळून म्हणाला, "कोट घे." मग माझ्याकडे बघून, "तूही."

दारापर्यंत गेल्यावर तो थांबला, मागे वळला. "मुक्ता, डेस्क सांभाळशील?"

"हो सर," मुक्ता म्हणाली. "किती दिवस?"

कोटाच्या बाहीत हात घालता घालता फर्गल म्हणाला, "जेवणं होईपर्यंत."